दोन रिंगा म्हणजे 'खाली ये'

एक रिंग म्हणजे 'पोचले', दोन म्हणजे 'खाली ये'. आठवतंय ना? 2003पर्यंत तर इनकमिंगलाही पैसे पडायचे, म्हणून मिस्ड कॉल ही आपली फुकटातली भाषा. (समोरच्याने चुकून उचललाच तर काय शिव्या पडायच्या त्याला!) 2016मध्ये जिओ आलं, कॉलचा हिशेब संपला आणि गंमत म्हणजे आपण फोन उचलणंच सोडलं. आता आधी मेसेज टाकून 'बोलू का?' विचारायचं, असा एटिकेट. ऑफिसात ठीक आहे हो. पण आई थेट फोन लावते. आपण 'इन अ मीटिंग' असा रेडिमेड मेसेज ढकलून मोकळे. संध्याकाळी स्क्रीनवर तिचे तीन मिस्ड कॉल. तिला फक्त 'पोचलीस का?' विचारायचं असतं.