उतारावर पडदा बंद हवा

तासाला ६० किलोमीटर वेगाने स्कीवरून उतरणारा माणूस सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे सरकतो. गॉगलमधल्या पडद्याकडे त्याने अर्धा सेकंद नजर टाकली, तर आठेक मीटर उतार त्याने न बघताच पार केलेला असतो. अंगावर वागवायच्या पडद्यांची रचना करणाऱ्या प्रत्येकाने पहिला आराखडा काढण्याआधी हा हिशेब मांडायला हवा.

या बाबतीत व्हँकुव्हरच्या रेकॉन इन्स्ट्रुमेंट्सचे काम आजही अभ्यासण्यासारखे आहे. २०१० मध्ये झील ऑप्टिक्ससोबत त्यांनी ‘ट्रान्सेंड’ गॉगल आणला. २०१२ मध्ये त्यांचेच तंत्र घेऊन ओकलीचा ‘एअरवेव्ह’ आला, किंमत ५९९ डॉलर. पडदा उजव्या डोळ्याच्या खाली, कडेला. समोरचा उतार मोकळा राहतो आणि हवे तेव्हाच नजर खाली वळते. भिंगांमुळे तो चिमुकला पडदा पाच फुटांवर ठेवलेल्या १४ इंची पडद्याएवढा भासे. जाड हातमोज्यांनी बारीक बटणे दाबता येत नाहीत, म्हणून मनगटावर वेगळा रिमोट. ही सगळी समज बर्फावर वावरल्याशिवाय येत नाही, आणि तिचे मोल मोठे आहे.

माझा आक्षेप आहे तो पडद्यावर काय आणि केव्हा दाखवले जाते, याला. उडी घेतली की त्वरणमापकाचे वाचन शून्याजवळ येते, त्यावरून हवेतला वेळ मोजता येतो. वायुदाबमापक किती उंची उतरलो ते सांगतो, जीपीएस वेग सांगतो. मोजमाप उत्तम. पण उडीचा आकडा जमिनीवर टेकताच झळकवण्यात काय साधते? पाय सावरायची, पुढचे वळण हेरायची नेमकी तीच वेळ असते. तोच आकडा वर जाणाऱ्या लिफ्टच्या खुर्चीत दाखवा. तिथे माणसाला काही मिनिटे निवांत मिळतात, आणि आपण कुठे चुकलो याचा विचारही तो तिथेच करतो. वेग ठरावीक मर्यादेपुढे गेला की पडदा आपोआप मिटावा, हा पर्याय सेटिंगच्या तळाशी दडवू नये. यंत्र हातात पडेल तेव्हापासून तो चालू असावा. थंडीत लिथियम बॅटरीची क्षमता घटते, त्यामुळे मिटलेला पडदा तिथेही उपयोगी पडतो.

अपवाद एकच मानावा: सोबती कुठे आहे हे कळणे. दाट झाडीत किंवा धुक्यात माणूस मागे राहिला, तर ती माहिती खरोखर मोलाची असते. मात्र ती मोबाइलच्या नेटवर्कवर टांगलेली नको, कारण डोंगरात नेटवर्कचा भरवसा नसतो. काही नवे गॉगल त्यासाठी थेट रेडिओ वापरतात. ती दिशा योग्य आहे.

इंटेलने २०१५ मध्ये रेकॉन विकत घेतली आणि २०१७ मध्ये तिचे काम बंद केले. कंपनी मिटली तरी ग्राहकाच्या कपाळावरचा गॉगल चालू राहिला पाहिजे, नोंदी त्याच्या स्वतःच्या फोनवर उतरल्या पाहिजेत. ही जबाबदारी आपली, रचनाकारांची आहे.

स्कीसाठी असो वा दुचाकीच्या हेल्मेटसाठी, वाचकांपैकी जे असे पडदे घडवत आहेत त्यांना विनंती: चालत्या वेगात घेतलेल्या चाचण्यांच्या नोंदी आमच्याकडे पाठवा. फसलेल्या चाचण्या आधी पाठवा, त्यांना आम्ही पुढच्या अंकांत जागा देऊ.