सायकलला तेलाचे ब्रेक

आमच्या नातेवाईकांत सध्या माझ्याविषयी एक बातमी फिरते आहे. मी म्हणे सायकलच्या ब्रेकवर एवढा खर्च केला, की तेवढ्यात एक साधी नवी सायकल आली असती. बातमी खरी आहे. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं समजावत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकतो. सायकलवाले ब्लॉगर मित्र वाचतील, त्यांनी बिनधास्त वाद घालावा.

तर, सायकल माझी वाकड्या हँडलची. मेंढ्याच्या शिंगांसारखं हँडल असलेली, जिला आपण लहानपणी सरसकट 'रेसिंग सायकल' म्हणायचो ती. तिला डिस्क ब्रेक आधीपासूनच होते, पण वायरचे. लिव्हर दाबली की वायर ओढली जाते आणि कॅलिपरमधला पॅड डिस्कवर दाबला जातो. आता वायरच्या जागी तेलाची बारीक नळी आली. लिव्हरमध्ये छोटा पिस्टन, कॅलिपरमध्ये मोठे पिस्टन, मध्ये तेल. शाळेत पास्कलचा नियम पाठ केला होता तोच. (मार्क मिळाले होते, उपयोग चाळीस वर्षांनी झाला.) गिअर मात्र अजून वायरवरच आहेत.

"सायकलला कशाला हवेत असले ब्रेक? मोटारसायकल आहे का ती?" हा प्रश्न मला आमच्या मामेभावाने विचारला, आणि त्याला तो विचारायचा पूर्ण अधिकार आहे, कारण त्याची अर्धी नोकरी वाळूजला गेली. बजाजचा वाळूजचा कारखाना 1985 चा. मोटारसायकलींचे डिस्क ब्रेक बनवणारी एन्ड्युरन्स ही कंपनी मूळ आपल्या या शहरातलीच. म्हणजे कॅलिपर, मास्टर सिलिंडर हे शब्द छत्रपती संभाजीनगरात कितीतरी घरांत जेवताना बोलले जातात. मोटारसायकलला हे ब्रेक आले तेव्हा कुणी 'चैन' म्हटलं नाही. सायकलला आले की लगेच चैन!

खरं तर सायकलच्या दुनियेतही हा वाद भरपूर झाला आहे. शर्यतींमध्ये डिस्क ब्रेक चालावेत की नाहीत याच्या चाचण्या सुरू असताना 2016 च्या पॅरिस-रूबे शर्यतीत फ्रान्सिस्को व्हेन्टोसो या स्पॅनिश स्पर्धकाने आपल्या पायाची जखम डिस्कमुळे झाली असं सांगितलं आणि चाचणी थांबली. मग पुन्हा सुरू झाली, आणि 2018 च्या जुलैपासून सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींसाठी डिस्क ब्रेकला रीतसर मान्यता दिली. पण शर्यतवाल्यांचं काय, त्यांना सेकंद मोजायचे असतात. माझा मुद्दा वेगळा आहे.

माझा मुद्दा बोटांचा आहे.

वाकड्या हँडलच्या सायकलवर माणूस बहुतेक वेळ हात वर, लिव्हरच्या रबरी टोपणावर ठेवून बसतो. त्याला हूड म्हणतात. तिथून ब्रेक दाबताना बोटं लिव्हरच्या बिजागरीच्या जवळ पडतात. दार बिजागरीजवळ ढकलून बघा, किती जोर लागतो ते कळेल. त्यात वायर हँडलच्या टेपखालून वळणं घेत जाते आणि प्रत्येक वळणावर थोडा जोर खाते. तरुण पोरं सांगतात, "काका, उतारावर हात खालच्या वळणात घ्या, तिथून चांगला ब्रेक लागतो." बरोबर आहे. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी, मान आखडलेली असताना, तीन-चार किलोमीटर वाकून बसायला सांगणं सोपं, बसणं अवघड. शिवाय दोन वर्षांपासून माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी झीज आहे. डॉक्टर म्हणाले, पकड सांभाळा. घरचे म्हणाले, सायकल सोडा. पुढचा ब्रेक मोटारसायकलच्या सवयीने उजव्याच हाताला, हे वेगळं सांगायला नको.

आता आपला घाट डोळ्यांसमोर आणा. दौलताबादहून खुलताबादला चढून जायचं, वाटलं तर पुढे म्हैसमाळ, आणि त्याच रस्त्याने उतरायचं. हिमालय नाही तो, मान्य. पण श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला शहरातून पायी निघालेली माणसं त्याच रस्त्यावर असतात. पहाटेचा अंधार, भुरभुर पाऊस, अनवाणी चालणाऱ्या बायका, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. अशा गर्दीतून सायकल खाली आणताना एकदम करकचून थांबायची वेळ क्वचित येते. सतत, थोडा थोडा, हवा तेवढाच ब्रेक लावत यावं लागतं, शेवटच्या वळणापर्यंत. वायरच्या ब्रेकने सायकल थांबत नव्हती असं नाही, थांबत होती. पण उतार संपेपर्यंत माझा हात संपत होता, आणि समोर एखादं पोर आडवं आलं तर ते मी पहिल्या वळणावर आहे की शेवटच्या, हे बघून येत नाही.

हायड्रॉलिकचं खरं देणं हे आहे. लोक म्हणतात ते 'जोरात लागतात'. माझ्या मते ते 'हलके लागतात', आणि हलक्या हाताने कमी-जास्त करता येतात. हूडवर बसून दोन बोटं पुरतात. छोट्या हाताच्या बायकांना आणि माझ्यासारख्या झिजलेल्या अंगठ्याच्या लोकांना हा फरक सायकल चालवणं आणि सोडणं यांतला आहे. चैन म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

इतकं कौतुक केलं, आता सावध करणंही माझंच काम.

ज्यांच्या सायकलच्या चौकटीला डिस्कसाठी जागाच दिलेली नाही, त्यांनी हा नाद करू नये. बाजारात पकडीचे जुगाड मिळतात, आणि आपल्याकडे वेल्डिंगवाला तर कशालाही नाही म्हणत नाही. पण रिमच्या ब्रेकचा ताण फोर्कच्या वरच्या टोकाला, दोन्ही पायांवर सारखा येतो. डिस्कचा ताण एकाच, डाव्या पायाच्या खालच्या टोकाला येतो आणि त्याला पिळतो. त्यासाठी जो फोर्क बनवलेलाच नाही, तो कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून तर डिस्कच्या नव्या सायकलींना चाकात आरपार जाणारा जाड आस असतो. जुन्या सायकलीवर प्रेम असेल तर तिला चांगले रबर पॅड आणि नवी वायर घालावी, हा खरा मान.

दुसरं, तेल. आपल्या गावात मोटारसायकलच्या ब्रेकचं तेल कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. डॉट 3, डॉट 4, मागाल ते. आणि इथेच धोका आहे. माझे ब्रेक शिमानोचे, त्यांना लागतं मिनरल तेल. त्यात डॉट तेल घातलं तर आतली सील फुगून खराब होतात. उलट स्रॅमच्या रोड सायकलींच्या ब्रेकला डॉटच लागतं, तिथे मिनरल घातलं तरी तीच गत. दोन्ही 'ब्रेक ऑइल'च. गॅरेजमधला हुशार मुलगा मदत करायला म्हणून जे हाताशी आहे ते ओतेल, ब्रेक त्या दिवशी छान लागतील, आणि नंतर कधीतरी घाटात लागणार नाहीत. तेव्हा बाटली स्वतः मागवा आणि ब्लीड करायला स्वतः शिका. लिव्हरच्या वर छोटी फनेल, खाली कॅलिपरला सिरिंज, पॅड काढून त्या जागी प्लॅस्टिकचा ठोकळा, आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत धीर. काम तासाभराचं आहे. हात धुतल्याशिवाय डिस्कला बोट लावायचं नाही, एवढं पथ्य. लाखो डिस्क ब्रेक बनवणाऱ्या शहरात सायकलचा एक ब्रेक ब्लीड करायला माणूस शोधावा लागतो, ही गंमत आहे की दुर्दैव ते तुम्ही ठरवा.

आणि हो, हे ब्रेक बिघडले तर वायरसारखे आधी कुरकुरतीलच असं नाही. 2013 साली स्रॅमला रोड सायकलींचे आपले हायड्रॉलिक ब्रेक परत मागवावे लागले होते. गोठवणाऱ्या थंडीत सील दाब धरत नव्हती. आपल्याकडे ती भीती नाही, आपल्याकडे मे महिना आहे. पण निघण्यापूर्वी दोन्ही लिव्हर दाबून बघायच्या, ही सवय हवीच.

एवढं सगळं मी पटवून दिलं, आणि घरातच हरलो. आमची कन्या ब्रेव्हे करते. तीनशे किलोमीटर, वीस तासांत, नाक्यांच्या मधल्या रस्त्यात बाहेरची मदत घ्यायची नाही. मी म्हटलं, तुझ्याही सायकलला बसवून देतो. तर म्हणाली, "बाबा, रात्री दोन वाजता रस्त्याच्या कडेला वायर तुटली तर माझ्या पिशवीत दुसरी वायर आहे. तुमच्या नळीतून तेल गळलं तर पिशवीत काय ठेवू?"

मी पावसाचं सांगितलं, बोटांचं सांगितलं. ती म्हणाली, बाभळीच्या काट्याने पंक्चर झालं की पंक्चरवाला पहिल्यांदा सायकल उलटी करतो. तेलाच्या टाकीत जरा हवा असेल तर ती मग नळीत उतरते. आणि चाक बाहेर असताना कुणी गंमत म्हणून लिव्हर दाबली की पॅड एकमेकांना चिकटून बसतात, चाक परत जाईना. यातलं एकही वाक्य खोटं नाही. चाक काढल्यावर पॅडमध्ये घालायची प्लॅस्टिकची पट्टी पिशवीत ठेवता येते, उलटी केलेली सायकल सरळ उभी करून लिव्हर दहा-वीस वेळा दाबली की बहुतेकदा ठीक होते, ही माझी उत्तरं होती. ती तिला आधीच माहीत होती. लिव्हरपासून वायर आणि फक्त कॅलिपरच्या आत तेल, असा मधला प्रकारही मिळतो, टीआरपीचा हाय-आरडी तसा आहे. मी तोही पुढे केला. त्यावर ती म्हणाली, बघू, पुढच्या वर्षी.

मला अजूनही वाटतं की रात्रीच्या पावसात, दोनशे किलोमीटर झाल्यावर, तिच्याही बोटांना तेलाचीच गरज पडेल. तिला वाटतं की तेव्हा तिला स्वतः दुरुस्त करता येईल अशीच वस्तू खाली हवी. हातांत तिच्या अजून जोर आहे, आणि रस्त्यावर ती एकटी असणार आहे, मी नाही.

तिची तीनशेची राइड पुढच्या महिन्यात. तिच्या सायकलला वायरच राहिली आहे. गेल्या रविवारी मी तिचे दोन्हीकडचे पॅड बदलले, बाहेरची आवरणं नवी टाकली, वायर घातली, आणि टेप पुन्हा गुंडाळताना हँडलजवळची वळणं जमतील तेवढी सैल ठेवली.