टॉमी जॉनचा डावा हात

अमेरिकन बेसबॉलमध्ये टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूचं, नाव आज त्याच्या विजयांपेक्षा एका शस्त्रक्रियेमुळेच जास्त घेतलं जातं. हा त्याच्यावर अन्याय आहेच. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या कारकिर्दीतून त्या खेळाने नेमका उलटा धडा घेतला.

१७ जुलै १९७४ रोजी लॉस एंजेलिस डॉजर्सकडून माँट्रियलविरुद्ध खेळताना त्याच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटला. वय ३१, त्या मोसमात त्याच्या नावावर १३ विजय आणि फक्त ३ पराभव. त्या काळी ही दुखापत झाली की पिचर घरी बसायचा. याच संघाचा पिचर सँडी कोफॅक्स १९६६ मध्ये २७ सामने जिंकूनही कोपराच्या संधिवातापायी ऐन तिशीत निवृत्त झाला होता.

२५ सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी जॉनच्या उजव्या हाताची एक कंडरा काढली, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडून त्यांतून ओवली आणि नवा अस्थिबंध उभा केला. पुन्हा पिच करण्याची शक्यता शंभरात एक, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पुढे कोपरातल्या नसेने त्रास दिला, बोटं आखडली, डिसेंबरात दुसरी शस्त्रक्रिया झाली. १९७५ चा अख्खा मोसम गेला. १९७६ मध्ये जॉन परतला आणि १९८९ पर्यंत, वयाच्या ४६व्या वर्षापर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. मोसमात २० किंवा अधिक विजय त्याने तीनदा मिळवले, तेही तिन्ही वेळा याच दुरुस्त हाताने.

हा हात टिकला, कारण जॉन वेगावर जगणारा पिचर नव्हताच. त्याचं अस्त्र सिंकर. बॅटरपाशी येता येता चेंडू खाली बसायचा, बॅटर तो जमिनीलगत मारायचा आणि क्षेत्ररक्षक त्याला बाद करायचे. नेम, धीर आणि डोकं यांच्या बळावर तो २६ मोसम खेळला.

आज मात्र वेगाचाच बोलबाला आहे. मेजर लीग या तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१ मैलांच्या आसपास होता, २०२४ मध्ये तो ९४ च्या वर गेला. या वेगाचा ताण कोपरावर येतो. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही, आणि आपल्या वेगवान गोलंदाजांची बहुधा पाठ जाते. बुमराचीही पाठच गेली. पिचरचं कोपर मात्र वाकतं आणि निमिषात झटक्याने उघडतं. स्नायू व्यायामाने बळकट होतात, पण तो चिमुकला अस्थिबंध त्या प्रमाणात बळकट होत नाही. शोहेई ओतानीसारख्या अफाट खेळाडूलाही कोपरावर २०१८ आणि २०२३ अशा दोन शस्त्रक्रिया कराव्या लागल्या.

व्यावसायिक खेळाडू निदान जाणूनबुजून हा धोका पत्करतो. शाळकरी मुलांचं काय? जॉनवर झाली तशी शस्त्रक्रिया केली की वेग वाढतो, अशी खुळी समजूत पालकांत आणि प्रशिक्षकांतही पसरली आहे. खुद्द टॉमी जॉनने कोवळ्या मुलांवरच्या अशा शस्त्रक्रियांविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला आहे. नियम नाहीत असंही नाही. लिटल लीग या मुलांच्या स्पर्धेत ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे आणि ६६ किंवा अधिक चेंडू टाकले की चार दिवस सक्तीची विश्रांती. पण तोच मुलगा दुसऱ्या क्लबकडूनही खेळत असेल, तर एकूण चेंडू मोजणार कोण? ते काम शेवटी घरच्यांचंच.

अमेरिकेत मुलांना बेसबॉलला घालणाऱ्या मराठी आईवडिलांना म्हणूनच माझी कळकळीची विनंती आहे. सगळ्या संघांकडून टाकलेल्या चेंडूंची एकच नोंद ठेवा. वर्षातले चार महिने पिचिंग पूर्ण बंद ठेवा, तिथले तज्ज्ञही हेच सांगतात. वेग मोजणारं यंत्र कशाला घेता? आणि कोपर दुखतंय असं मुलाने म्हटलं, तर समोर अंतिम सामना असला तरी त्याला त्याच क्षणी बाहेर काढा.