विश्लेषण : खासदारांची बिले तपासणारी ‘रोझी’ आपल्याकडे का नाही?

ब्राझीलच्या एका खासदाराला एकाच तारखेच्या १३ जेवणांच्या बिलांचे पैसे संसदेने चुकते केले होते. दुसऱ्या एकाने लास वेगासमध्ये घेतलेल्या बिअरचा खर्चही सरकारकडून वसूल केला होता. हे प्रकार ना विरोधी पक्षाने शोधले, ना तपास यंत्रणेने. २०१६ मध्ये काही तरुण संगणकतज्ज्ञांनी लोकवर्गणीतून सुरू केलेल्या मोहिमेमुळे ते उजेडात आले. तिच्यासाठी त्यांनी लिहिलेल्या संगणकीय आज्ञावलीचे नाव ‘रोझी’.

मोहिमेचे नाव ‘सेरेनाटा दे आमोर’, म्हणजे तिथल्या एका लोकप्रिय चॉकलेटचे नाव. १९९५ मध्ये स्वीडनच्या उपपंतप्रधान मोना सालिन सरकारी कार्डावर टोब्लेरोन चॉकलेट आणि इतर खासगी खरेदी केल्यामुळे अडचणीत आल्या आणि पंतप्रधानपदाच्या शर्यतीतून त्यांना बाहेर पडावे लागले. त्या प्रकरणाची ही आठवण.

‘रोझी’ काय तपासत होती?

ब्राझीलच्या खासदारांना प्रवास, जेवण, इंधन, कार्यालय अशा खर्चासाठी भत्ता मिळतो. बिल द्यायचे आणि पैसे घ्यायचे. ‘रोझी’ या बिलांना काही साधे प्रश्न विचारत असे. त्याच हॉटेलातल्या इतर जेवणांपेक्षा हे बिल अवाच्या सवा आहे का? एकाच दिवशी दोन शहरांत खर्च दाखवला असेल, तर तेवढ्या वेळात तिथे पोहोचणे शक्य आहे का? ज्या दुकानाचे बिल आहे, ते त्या तारखेला सुरू तरी होते का? संशय आला की ती ट्विटरवर बिल टाकून लोकांनाच पडताळणीत हातभार लावायला सांगे.

हे प्रश्न तालुक्याच्या लेखा विभागातल्या कोणत्याही जुन्या कारकुनाला सुचतील असे आहेत. म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची जादू इथे थोडीच होती. खरी कमाई होती ती माहितीची. संसद प्रत्येक बिलाची रक्कम, तारीख आणि विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात जाहीर करत होती. कंपन्यांची नोंदवहीही खुली होती. दोन याद्या त्या एका क्रमांकाने जोडता आल्या, एवढेच.

मग पैसे परत आले का?

काही खासदारांनी केले. मात्र संगणकाने लावलेली प्रत्येक खूण म्हणजे चोरी नव्हे. म्हणून स्वयंसेवकांनी संशयित बिले एकेक करून हाताने तपासली आणि २०१७ च्या सुरुवातीला २१६ खासदारांविषयी ६२९ तक्रारी संसदेकडे दिल्या. त्यातल्या पुष्कळ रेंगाळल्या, कारण उत्तर देण्याची घाई कोणालाच नव्हती. पुढे हे काम ‘ओपन नॉलेज ब्राझील’ या संस्थेकडे गेले आणि भर नगरपालिकांची राजपत्रे शोधता येतील अशी करण्यावर आला. जेवणाच्या बिलांपेक्षा मोठा पैसा तिथेच असतो, हे त्यामागचे शहाणपण.

महाराष्ट्रात अडते कुठे?

माहिती नाही असे नाही. कामाला मंजुरी देणारा शासन निर्णय एका संकेतस्थळावर पीडीएफच्या रूपात मिळतो. निविदा ‘महाटेंडर्स’वर असते, तीही कॅप्चा भरल्यावर. निधीचे वाटप ‘बीम्स’ प्रणालीत होते. प्रत्यक्ष किती काम झाले ते अभियंत्याच्या मोजमाप पुस्तिकेत. ही चारही एकाच रस्त्याची कागदपत्रे आहेत हे ओळखायला नागरिकाच्या हाती बहुतेकदा कामाचे नाव तेवढे उरते, आणि तेही जागोजागी वेगळे लिहिलेले. आजची साधने स्कॅन केलेला मराठी कागद वाचू शकतात, पण पुसट छपाईत ‘१’ आणि ‘९’ यांची गल्लत झाली, तर एखाद्या निर्दोष माणसावर आळ यायचा.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने २००५ मध्येच सरकारी कार्यालयांना सांगितले आहे, की नोंदी संगणकीकृत करा आणि कोणी मागण्याआधी स्वतःहून प्रसिद्ध करा. महाराष्ट्राने तर त्याआधी, २००२ मध्ये, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता.

सरकारला हे जमत नाही का?

जमते. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थ्यांची यादी इतर विभागांच्या माहितीशी ताडून पाहिल्यावर सुमारे २६ लाख खात्यांचा लाभ थांबवण्यात आल्याचे सरकारनेच सांगितले. लाभ घेणाऱ्यांत हजारो पुरुषही निघाले. अपात्रांचे पैसे थांबायलाच हवेत. प्रश्न पडताळणीच्या दिशेचा आहे. महिना १,५०० रुपये घेणाऱ्या बाईसाठी विभागांच्या याद्या एकमेकींशी बोलतात. कोटींचे बिल उचलणाऱ्या कंत्राटदाराच्या बाबतीत त्या मुक्या होतात.

खालच्या दिशेने लावलेली ही दुर्बीण चुकतेही. शेजारच्या तेलंगणात ‘समग्र वेदिका’ या प्रणालीने दुसऱ्याच कुणाची मोटार गरिबाच्या नावावर धरल्याने शिधापत्रिका गेल्याचे प्रकार समोर आले. रद्द झालेल्या शिधापत्रिकांची प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. चूक निस्तरण्याचा भार मात्र रेशन बंद झालेल्या माणसावर. खासदाराच्या बिलावर चुकीची खूण लागली, तर तो एक खुलासा करून मोकळा होतो.

‘रोझी’सारखी तपासणी इथे सुरू करायला नवे तंत्रज्ञान विकत घेण्याची गरज नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणताही क्रमांक टाकला, की त्या व्यवसायाची नोंदणी केव्हा झाली आणि ती चालू आहे की रद्द, हे आजही कोणालाही दिसते. जीएसटी लागू असलेल्या कंत्राटदाराच्या बिलावर तो क्रमांक असतोच. रक्कम, तारीख आणि कामाचा क्रमांक यांच्यासोबत तो प्रसिद्ध करायचा, एवढे बाकी आहे.