कागद फुगला पाहिजे

मागच्या लेखात ब्रोमॉइलची ओळख करून दिली, पण कागदाचा विषय मुद्दाम बाजूला ठेवला होता. तो दोन ओळींत उरकण्यासारखा नाही. इथे कागद चुकला की पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते.

ज्यांचा तो लेख राहिला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1907 साली इंग्लंडमध्ये ई. जे. वॉल यांनी ही कल्पना मांडली आणि वेलबोर्न पायपर यांनी ती करून दाखवली. ब्रोमाइड कागदावर नेहमीसारखा फोटो छापायचा आणि मग मोरचूद, पोटॅशियम ब्रोमाइड व डायक्रोमेट यांच्या पाण्यात बुडवायचा. चित्र पुसट होत जवळजवळ नाहीसं होतं, पण जिथे जितकी चांदी होती तिथलं जिलेटिन तितकं कडक होतं. नंतर कागद कोमट पाण्यात भिजवला की मऊ राहिलेला भाग पाणी पिऊन फुगतो आणि तेलकट शाई अंगाला लागू देत नाही. कडक भाग शाई धरतो. म्हणजे सगळा खेळ फुगण्याचा आहे.

आणि नेमकं तेच आजचे बहुतेक कागद करत नाहीत. कागद यंत्रातून भराभर जावा, ओरखडे पडू नयेत, गरम ड्रायरमध्ये चिकटू नये म्हणून कारखान्यातच जिलेटिन कडक करतात आणि वर आणखी एक संरक्षक थर चढवतात. नेहमीच्या फोटोसाठी ही सुधारणाच. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही असंच होतं: नवीन अपडेट येतं, सगळे खूश, आणि ज्या चार जणांना जुनी सोय हवी असते त्यांची पंचाईत.

प्लॅस्टिकचा थर असलेला आरसी कागद सोडून द्या. हवा तो फायबर बेसचा, मॅट आणि वरचा संरक्षक थर नसलेला. चेक प्रजासत्ताकातली फोमा कंपनी 'फोमाब्रोम व्हेरिएंट 123 बीओ' हा कागद खास ब्रोमॉइलवाल्यांसाठी काढते. पण तो बाहेरून मागवावा लागतो आणि कस्टमसकट हिशेब केला की एकेक कागद जपून वापरावासा वाटतो. कोडॅकने तर कृष्णधवल कागद 2005 मध्येच बंद केला. कुणाच्या घरी माळ्यावर आजोबांच्या काळचं न उघडलेलं पाकीट असेल तर टाकून देऊ नका. आणि ते फोडायचं तर लाल दिव्यातच!

कोणताही कागद हाती आला की आधी परीक्षा. साबुदाणा नवीन दुकानातून आणला की आई आधी मूठभर भिजवून बघते, तसंच. एक पट्टी कापा, अर्धी झाकून अर्धीवर उजेड पाडा आणि वर सांगितलेल्या सगळ्या पायऱ्यांतून न्या. शेवटी तीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात अर्धा तास भिजवा. पाणी टिपून पट्टी दिव्यासमोर तिरकी धरा. पांढरा भाग उंच आणि बोटाला बुळबुळीत लागला तर कागद कामाचा. दोन्ही बाजू सारख्याच सपाट असतील तर पाण्याची उष्णता थोडी थोडी वाढवून बघा, तरीही ढिम्म असेल तर तो नेहमीच्या फोटोंना ठेवा.

इथे बडोद्याची एक खास अडचण आहे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं तापतं की नळाखाली धरलेलं जिलेटिन सुटूनच यायचं. मी तेव्हा माठातलं पाणी मिसळतो आणि थर्मामीटर सोडत नाही.

छापतानाही कागदाचा स्वभाव सांभाळावा लागतो. प्रिंट नेहमीपेक्षा किंचित गडद आणि कमी कॉन्ट्रास्टची हवी, अगदी पांढऱ्या भागातही थोडा तपशील हवा. चारही बाजूंनी कोरी किनार ठेवा, ओला कागद धरायला ती लागते. फिक्सर साध्या हायपोचा, तुरटी नसलेला. दाढीनंतर फिरवलेली तुरटी कातडी आवळते, तशीच ती जिलेटिन आवळते, तेही सरसकट, आणि मग चांदीने कडक करायला काही उरतच नाही. डायक्रोमेटनंतर पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत धुवा, पुन्हा हायपोतून काढा, परत धुवा आणि रात्रभर वाळू द्या. ही वाळवणी टाळावीशी वाटते, टाळू नका. एकदा पूर्ण वाळून पुन्हा भिजलेलं जिलेटिन शाईखाली जास्त चांगलं वागतं.

डायक्रोमेटबद्दल मात्र थट्टा नको. ते विषारी आहे, कर्करोगकारक आहे. आमच्या घरात रांगतं मूल आहे, त्यामुळे बाटली कुलपात, हातमोजे नेहमी, आणि त्या ट्रे-चमच्यांना स्वयंपाकघराचा उंबरठा बंद. उरलेलं पाणी मोरीत ओतत नाही, वेगळ्या कॅनमध्ये साठवतो. एवढं पाळणं जमणार नसेल तर या छंदाच्या वाटेला न गेलेलंच बरं.

माझ्या पाकिटात सध्या नऊ कागद आहेत. एक पट्ट्यांसाठी कापणार, दोन सरावाला, आणि उरलेल्या सहांवर मांडवी दरवाजा, पावसाळी सकाळचा. पुढच्या महिन्यात शाई आणि ब्रश.