स्वतःला पेरणारे कुसळ

पावसाळा सरला, की चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातून फिरून आलेल्या माणसाच्या कपड्यांत तपकिरी, अणकुचीदार काटे रुतलेले सापडतात. हे कोणत्या झाडाचे, असा प्रश्न घरोघरी पडतो.

पात्यांवरून गवत ओळखणे अवघड. खरी ओळख बियात असते. बियाच्या खाली सुईसारखे टोक, त्यावर मागे वळलेले तांबूस केस आणि वर बोटाएवढी लांब, पीळ पडलेली, गुडघ्यासारखी वाकलेली शेपटी. आघाडा, गोखरूही अंगाला लागतात, पण त्यांना अशी शेपटी नसते. शेपटीवर पाण्याचे दोन थेंब टाकले, की ती फिरू लागते. उभ्या गवताच्या शेंड्यावर अशा काळपट शेपट्या वेणीसारख्या गुंतलेल्या दिसल्या, तर ते कुसळी गवत समजावे. शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. कॉन्टॉर्टस म्हणजे पिळलेले.

दव पडले की शेपटीचा पीळ सुटतो, ऊन लागले की पुन्हा बसतो. शेपटीचे टोक आजूबाजूच्या काडीला अडले, की फिरण्याचा जोर बियावर येतो आणि ते मातीत शिरते. मागे वळलेले केस त्याला वर येऊ देत नाहीत. चार्ल्स डार्विन यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी 1876 मध्ये अशा बियांची ही हालचाल अभ्यासून मांडली. जमिनीत दडलेले बी उन्हाळी वणव्यातूनही वाचते. म्हणून जळालेल्या माळावर हे गवत पुन्हा उभे राहते.

आता आपल्या गोठ्याकडे वळू. जे टोक मातीत शिरते, तेच शेळीच्या ओठात, हिरडीत, डोळ्यातही शिरते. कुर्बानीसाठी वाढवलेल्या बकऱ्याचा डोळा गेला, तर वर्षभराची मेहनत वाया जाते. म्हणून हे गवत फुलोऱ्यापूर्वी, कोवळे असताना कापावे. तेव्हा तो चांगला चारा असतो. बी धरल्यावर जनावरे तिथे सोडू नयेत. बी झडून गेल्यावर उरलेल्या काड्या छपराला उपयोगी पडतात.

कपड्यात रुतलेले कुसळ मागे न ओढता टोकाच्या दिशेने पुढे काढावे. केस उलटे असल्याने ते सहज निघते. डोळ्यात गेले तर चोळू नये. माणूस असो वा जनावर, लगेच डॉक्टरकडे न्यावे. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ शोधण्याची म्हण आपण चेष्टेने वापरतो. शेळीच्या डोळ्यातले मात्र रोज संध्याकाळी शोधलेच पाहिजे.