काचेपलीकडचा माणूस

आमच्या शाखेत संगणक आला, तेव्हा पहिल्यांदा बदलली ती टेबलावरची मांडणी. त्याआधी खातेदाराने शंका काढली की आम्ही लेजर त्याच्याकडे फिरवून नोंदीवर बोट ठेवत असू. दोन डोकी एकाच पानावर वाकत. संगणकाच्या पडद्याने मात्र पाठ केली ती नेमकी खातेदाराकडे. पेन्शनसाठी येणाऱ्या एक आजी दर महिन्याला विचारीत, "काय दिसतंय हो साहेब तिथं?" "बरोबर आहे, आजी," एवढेच मी म्हणे. त्यांना ते पटले की नाही, हे मी कधी पाहिले नाही; माझे डोळे पडद्यावर असत.

मग पडदाच पारदर्शक का नसावा? माणूसही दिसेल आणि कामही. पण यात एक गोम आहे. दुकानाच्या काचेवर बाहेरून रंगवलेली पाटी गल्ल्यावर बसून वाचून पाहा. मी सुलट लिहिलेले समोरच्याला उलटे दिसणारच.

जपानमधील एनटीटीच्या प्रयोगशाळेत हिरोशी इशी आणि मिनोरू कोबायाशी यांनी यावर 'क्लिअरबोर्ड' काढला. त्यावरचा त्यांचा निबंध १९९२चा. दोघे निरनिराळ्या खोल्यांत, पण मध्ये जणू एकच काच. समोरच्याचे चित्र आरशासारखे डावे-उजवे फिरवले की अक्षरे दोघांनाही सुलट! उजवा माणूस डावखुरा दिसे, एवढेच. मला भावला तो त्यांचा एक प्रयोग. नदी पार करण्याचे कोडे, आपल्या वाघ-शेळी-गवताच्या जातकुळीतले, एकाने सोडवायचे आणि दुसऱ्याने मदत करायची. मदत करणाऱ्याला समोरच्याची नजर कुठे अडली आहे हे न विचारता कळे. चांगल्या शिक्षकाला वेगळे काय लागते?

समोरासमोर उभ्या असलेल्या माणसांना मात्र असे फिरवता येत नाही. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली विरळ विणीचे कापड चौकटीवर ताणले आणि दोन्ही बाजूंना प्रोजेक्टर लावले. आता प्रत्येक बाजूला मजकूर सुलट दाखवता येतो. पण मी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवले, तर पलीकडून ते शेवटच्या अक्षरावर पडते! वाचनाची सोय करावी तर बोट चुकते, बोट सांभाळावे तर वाचन. शिवाय पडद्यावर जितकी गर्दी, तितका पलीकडचा माणूस पुसट. मग त्याचा स्पर्श कुठे झाला, हे वेगळे उजळून दाखवावे लागते. हिशेबाच्या भाषेत, एका बाजूला जमा केले की दुसरीकडे नावे पडतेच.

मला वाटते, यात कुणाची गैरसोय आधी दूर करायची, हा प्रश्न यंत्राचा नाही. आम्ही टेबल मांडले तेव्हा तो कुणी विचारलाच नव्हता.

गेल्या महिन्यात मुदतठेवीच्या व्याजाबद्दल विचारायला मी बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मॉनिटर माझ्या बाजूला वळवू लागली. वायर आखूड होती. तो अर्ध्यावरच अडला. मग ती खुर्ची सोडून अलीकडे आली आणि मीही मान वाकडी करून वाचू लागलो.